काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत

सायकल बिघडली की माणूस मेकॅनिकला सांगतो, आवाज येतोय. सोनवणे नानांना हे वाक्य अर्धवट वाटायचं. दवाखान्यात जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणून गप्प बसलेल्या पेशंटकडे डॉक्टर बघेल, तसे ते बघायचे आणि मग त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. जोर लावल्यावर येतो, का नुसतं फिरवताना पण येतो? पायडलच्या एका फेरीला एकदा येतो, का तीन-चार फेऱ्यांनी एकदा? पाय थांबवले तर थांबतो? सगळ्या गिअरला येतो का एकालाच?

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. मी म्हटलं, खडखड येते हो, सगळीकडूनच.

"बाई, सगळीकडून असं काय नसतं," नाना म्हणाले.

तीस वर्षं आठवी-नववीला शास्त्र शिकवून मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. दातेरी चाकांचा धडा मी डोळे मिटून शिकवत असे. डोळे मिटून शिकवला नसता तर बरं झालं असतं, हे आता कळतं. मी तेव्हा अवघी अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे समज यायचं वय झालेलं नव्हतं. आज एकाहत्तराव्या वर्षी त्या बाईकडे वळून बघते तेव्हा तिला वर्गाबाहेर अंगठे धरून उभं करावंसं वाटतं.

सायकल आमच्या ह्यांची. रेसिंगची, बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, पुढे दोन दातेरी चाकं आणि मागे पाच, म्हणजे दहा गिअर. लग्नाआधी हौसेने घेतलेली. हे गेल्यावर दीड वर्ष ती गॅलरीत चादरीखाली उभी होती. मग माझे गुडघे बोलायला लागले आणि डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. ते बिचारे जिममधल्या जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलबद्दल बोलत असणार. मी घरी येऊन चादर काढली. हे उंचीने माझ्याएवढेच होते, त्यामुळे पाय पुरत होते. पंजाबी ड्रेस, पांढरे केस आणि रेसिंग सायकल असं ध्यान सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडलं, त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या सुनेला विचारलं, आईंची तब्येत बरी आहे ना.

नानांचं दुकान म्हणजे टेंभी नाक्याजवळच्या एका गल्लीत चाळीच्या भिंतीला टेकवलेला पत्र्याचा आडोसा. समोर एक शिंपी, बाजूला चहावाला. आत तारेने लटकवलेल्या दोन सायकली, बाबासाहेबांचा फोटो, त्याला रोज एक ताजं फूल. नाना वयाने माझ्याहून लहानच, पण सगळी गल्ली नाना म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. अंगाने काटकुळे, उंच, आणि उजव्या पायाच्या पँटला कपडे वाळत घालायचा चिमटा. पँट साखळीत अडकू नये म्हणून लावायचा तो चिमटा पुढे त्यांच्या अंगाचाच भाग झालेला. मुलीच्या लग्नात, सफारी घालून, पाहुण्यांना हात जोडत उभे होते तेव्हाही तो पायाला होता. मी दाखवल्यावर त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले, राहू दे, आता काढला तर चुकल्यासारखं वाटेल.

ते मूळचे फिटर. कोलशेतच्या एका कारखान्यात वीस वर्षं गिअरबॉक्स दुरुस्त करायचे. तो बंद पडल्यावर सायकलीकडे वळले. गिअरबॉक्सचं सगळं पोटात असतं, उघडायच्या आधी कान लावून ठरवायचं की दुखणं कुठे आहे. सायकलचं सगळं उघड्यावर, तरी त्यांची ऐकायची सवय गेली नव्हती. हत्यार हातात घ्यायच्या आधी ते सायकल गल्लीच्या टोकापर्यंत चालवून यायचे, मग मागचं चाक उचलून पायडल हाताने उलटं फिरवत बसायचे, मान वाकडी करून. तेल शेवटी. गिऱ्हाईक येतानाच तेल ओतून आलं असेल तर नाना आधी ते फडक्याने पुसून काढायचे आणि पुटपुटायचे, "तेल घातलं की सायकल खोटं बोलते."

एकदा बँकेतले एक साहेब आले होते. पाय मारला की टक्, पाय मारला की टक्. तीन दुकानं फिरून झालेली. पायडल बदललं, पायडलचे दांडे बदलले, मधला आस बदलला, टक् तिथेच. नानांनी त्यांना गल्लीतून एक चक्कर बसून मारायला लावली आणि एक उभं राहून. उभ्याने आवाज गायब. नानांनी सीटखालचा नळा उपसला, पुसला, ग्रीस लावून परत बसवला, बोल्ट आवळला. दहा मिनिटांचं काम. साहेब आभार मानायचे सोडून खट्टू झाले. ते गेल्यावर नाना मला म्हणाले, "मोठा आजार निघाला असता तर साहेब खूश झाले असते." आणि मग समजावून सांगितलं, की सायकलचा सांगाडा पोकळ नळ्यांचा, एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. ऐकू येतो तिथे हात घातला की फसलात.

दुकानाच्या पत्र्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने एकच ओळ रंगवली होती: काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत. हा त्यांचा नेम. जुनी साखळी, झिजलेलं चाक, फुटलेले छर्रे सुद्धा, वर्तमानपत्रात बांधून, तारेने गुंडाळून हँडलला लटकवून द्यायचे. गिऱ्हाइकं हसायची, वळणावर गेली की ते भंगार गटारात टाकायची. नाना संध्याकाळी जाऊन ते उचलून आणायचे आणि खिळ्याला टांगून ठेवायचे, उद्या कोणी मागायला आलं तर.

मी विचारलं, एवढं कशाला? तर त्यांनी सांगितलं, कारखान्यात असताना एकदा स्टोअरमधून बेअरिंग गेलं. सुटताना गेटवर सगळ्यांना उभं केलं, पण डबा उघडायला लावला तो फक्त त्यांना. डब्यात चटणीचा डाग होता आणि अर्धी भाकरी. "भाकरी पण उचलून खाली बघितलं, बाई," एवढंच म्हणाले आणि पान्हा शोधायला लागले.

माझ्या सायकलचं निदान करायला त्यांना एक अख्खी सकाळ लागली. शर्टाच्या खिशातून स्टीलची पट्टी काढली, साखळीवर धरली. साखळीच्या बारा जोड-कड्या बरोबर बारा इंचात बसायला हव्यात, म्हणाले. अर्धं सूत वाढल्या तर साखळी बदलायची. एक सूत वाढल्या तर मागची दातेरी चाकंसुद्धा गेली असं समजायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझी साखळी चोख एक सूत वाढलेली निघाली.

मग ते मागच्या पाच चाकांकडे वळले. अंगठ्याने एकेक दात चाचपत होते. चार चाकांचे दात चांगले सरळ, चौकोनी, मधल्या तिसऱ्याचे मात्र लाटेसारखे एका बाजूला कललेले.

"साहेब गिअर बदलायचे नाहीत वाटतं," नाना म्हणाले. "वीस-पंचवीस वर्षं ह्या एकाच चाकावर चालवलेली दिसते."

मला हसू आलं आणि मग रडूच आलं. ह्यांनी आयुष्यात काहीच बदललं नाही. एकच नोकरी, एकच चपलांचं दुकान, भाजीला एकच भेंडी. चौतीस वर्षांच्या संसारात मला जे शब्दात मांडता आलं नव्हतं ते या माणसाने अंगठ्याने वाचून दाखवलं.

पुढे नाना म्हणाले, जुनी साखळी आणि जुने दात एकमेकांच्या मापाने झिजलेत, त्यांचं एकमेकांशी जमतं. बदलायचं तर दोन्ही बदला, नाहीतर दोन्हीला हात लावू नका. मला ते नवरा-बायकोवरचं काहीतरी गहन बोलणं वाटलं. ते निव्वळ सायकलबद्दल बोलत होते. मी डोळे पुसत म्हटलं, हे चाक मी बदलणार नाही, ह्यांच्या पायांची झीज आहे ती. नाना म्हणाले, मग साखळीपण हीच राहू द्या. आवाज करेल, पण नेईल. फक्त चढावर उभं राहून जोर देऊ नका.

एकदा सायकल पोचवायला ते घरी आले. मी त्यांना आमच्याच कपात चहा दिला. दिला तो दिला, वर रात्री सुनेला दोनदा सांगितलं, की मी त्यांना आपल्याच कपात चहा दिला. सून म्हणाली, मग कशात द्यायला हवा होता? मी विषय बदलला.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

आमच्या भागातल्या हौशी मंडळींचा रविवारी सकाळी सायकली काढणारा एक गट होता. गटाचे म्होरके प्रधान म्हणून एक गृहस्थ, कोलशेतच्या टॉवरमध्ये राहायचे, वयाने माझ्या मुलाएवढे. मी त्या गटात शिरले आणि थोड्याच दिवसांत सगळ्यांची शिकवणारी बाई झाले. वाटेत थांबलो की मी पुढचे दात भागिले मागचे दात असं गणित घालायचे. प्रधान मला काकू म्हणायचे आणि नव्या माणसाशी ओळख करून देताना सांगायचे, ह्या आमच्या गटाच्या इंजिनियर. मी नको नको म्हणत ते ऐकायचे.

नानांना या गटाकडे मीच नेलं. दोन-चार जणांच्या सायकली त्यांनी बऱ्या केल्या आणि प्रधानांनी ठरवलं, गटातल्या सगळ्याच सायकलींची देखभाल नानांकडे द्यायची. नानांच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती. पत्र्याचा आडोसा कधीही उठवला जाईल हे त्यांना माहीत होतं. या कामाच्या जोरावर त्यांना गल्लीच्या तोंडाशी एक पक्का गाळा मिळणार होता. त्यांनी नवी पाटीसुद्धा रंगवून घेतली होती, ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असायची. मी विचारलं तर म्हणाले, गाळा मिळू दे, मग सरळ करतो.

ते काम नक्की व्हायच्या आधीच्या रविवारी गटाची मोठी फेरी होती. माझी काळपट, कुरकुरणारी साखळी मला त्या चकचकीत सायकलींत लाज आणायला लागली. नानांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून मी त्यांना विचारलंच नाही. घोडबंदर रोडवरच्या एका एसी दुकानात गेले. तिथला माणूस म्हणाला, मागची चाकंपण बदलू या. मी त्याला म्हटलं, तुम्ही फक्त साखळी बदला, बाकीचं मला कळतं. जुनी साखळी त्याने काढली आणि माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी बघत होते.

रविवारी कोलशेतच्या चढावर सगळ्यांच्या पुढे जायच्या नादात मी सीटवरून उठून जोर दिला, त्याच तिसऱ्या चाकावर. नवी साखळी झिजलेल्या दातांवरून सरकली, पाय हवेत गेला आणि मी रस्त्यावर. डावं मनगट मोडलं. मंडळी गोळा झाली. प्रधानांनी साखळीकडे बघून विचारलं, "काकू, ही नवी दिसते. कोणी घातली?"

इंजिनियरबाईंनी खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की जाणकार माणसाने नको म्हटलेलं असताना, दुकानदारालाही गप्प करून, मीच घातली? दुखत होतं हे खरं, पण दुखण्यामुळे बोलले असं मी म्हणणार नाही. मी पुरती शुद्धीवर होते.

"सोनवण्यांनी," मी म्हटलं.

दोन दिवसांनी प्रधान माझी सायकल गाडीला बांधून आणि मला प्लास्टरसकट पुढच्या सीटवर बसवून नानांकडे निघाले. म्हणाले, जाब विचारायलाच हवा. वाटेत सगळे सिग्नल लाल लागले. प्रत्येक लाल दिव्याला मी तोंड उघडत होते आणि हिरवा झाला की मिटत होते.

नानांनी आधी माझा हात बघितला. "काय झालं, बाई?" त्यांच्या आवाजात काळजी होती, ती मला अजून ऐकू येते. प्रधानांनी काय ते सांगितलं. नाना उकिडवे बसले, पायडल उलटं फिरवलं, पट्टी लावली. बारा इंच, चोख. त्यांनी पट्टी तशीच धरून ठेवली. समोर शिंप्याचं मशीन थांबलं. चहावाला गाळणी हातात घेऊन बाहेर आला.

"बाई, ही मी घातली?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. मग अगदी हळू विचारलं, "मग जुनी कुठाय?"

त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही नानांचा नेम ठाऊक होता. साखळी त्यांनी बदलली असती तर जुनी माझ्याकडे असायलाच हवी होती. एवढ्या एका प्रश्नात त्यांनी मला परतीची वाट करून दिली होती. घरी असेल, बघते, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"दिली नाहीत तुम्ही," मी म्हटलं.

चहावाल्याने मान खाली घातली. नानांनी पट्टी खिशात ठेवली, उठले, हात पुसले. "मग चूक माझी," ते प्रधानांना म्हणाले. "झिजलेल्या दातांवर नवी चेन घसरते. एवढं मला कळायला पायजे होतं."

प्रधानांनी तिथेच उभं राहून गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं. मेकॅनिकने चूक कबूल केली आहे, काढलेले मूळ भाग परत करत नाही, सर्वांनी सावध राहावे. माझ्या फोनवरही तो मेसेज टिंग करून आला. त्याखाली लोक अंगठे टाकत होते. एक अंगठा माझाही आहे. न टाकला तर दिसून येईल म्हणून टाकला.

गटाचं काम गेलं, गाळा गेला. मी त्या गल्लीतून जाणं बंद केलं, भाजीलासुद्धा लांबून वळसा घालून जायचे. वर्षभराने फुटपाथ मोकळे करायची मोहीम आली आणि आडोसा उठला. नाना कल्याणला मुलीकडे गेले असं कानावर आलं. सायकल परत चादरीखाली गेली. मी मनाशी एक गोष्ट रचली होती, की नाना थोर मनाचे, त्यांनी सगळं ओळखून मला सांभाळून घेतलं. ही गोष्ट इतकी सुंदर होती की तिच्यात माझंही जरा भलं दिसायचं. बारा वर्षं मी तिच्यावर काढली.

गेल्या वर्षी नातीने, कॉलेजला जाते ती, चादर काढली आणि सायकल चालवून बघितली. अर्ध्या तासात परत आली. साखळी सरकतेय, म्हणाली. फोनवर काहीतरी वाचलं, माझी शिवणाची टेप आणून साखळी मोजली आणि विचारलं, "आजी, जुन्या दातांवर नवी चेन? कसला मेकॅनिक होता तुझा?"

आणि मी तोंड उघडलं होतं. "होता एक नाक्यावरचा" हे शब्द जिभेवर आलेले होते. बारा वर्षांनी, घरातल्या घरात, कोणीही जाब विचारत नसताना. मग मात्र मी खुर्चीत बसले आणि तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, पोरगी जवळ घेईल. ती लांबूनच म्हणाली, "म्हणजे तू त्यांना चोर ठरवलंस."

मी प्रधानांना फोन केला. ते म्हणाले, काकू, जाऊ द्या हो, किती जुनं, आणि कोण तो, नाव काय म्हणालात? गट केव्हाच मोडला होता. शिंप्याकडून नानांच्या मुलीचा, सुजाताचा, पत्ता काढला आणि कल्याणला गेले.

नाना इमारतीच्या जिन्याखाली स्टुलावर बसले होते. शेजाऱ्यांच्या सायकली बघून देतात, दुकान नाही. केस पूर्ण पांढरे. मला बघून उठले, पाणी मागवलं. मी पाठ करून गेलेलं सगळं बोलले. त्यांनी मध्ये अडवलं नाही, सायकल ऐकायचे तसं मान वाकडी करून ऐकलं. शेवटी मी म्हटलं, तुम्ही त्या दिवशी मला सांभाळून घेतलंत, हे मी विसरणार नाही.

नाना हसले. ते हसू चांगलं नव्हतं.

"सांभाळून? बाई, साहेबांच्या गाडीतनं आलेल्या तुम्ही, हात गळ्यात बांधलेला. मी म्हटलं असतं की बाई खोटं बोलतात, तर कोणाचं खरं धरलं असतं? तुम्हीच सांगा."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"चेन मी घातली म्हणालात, ते पण चाललं असतं. चुकतो माणूस. पण दिली नाही म्हणालात." ते जिन्याकडे बघत पुढे म्हणाले, "सुजाताची आई होती तेव्हा. तिला नळावर बायकांनी विचारलं, काय गं, खरंच ठेवून घेतली काय. ती घरी येऊन मला काय बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून माझा डबा भरताना दोनदा बघायची. मला वाटायचं, ही काय बघते? विचारायचं राहिलं. गेली ती."

मी म्हटलं, मी सगळ्यांना कळवते, गटातल्या एकेकाला शोधून कळवते. नानांनी मान हलवली. त्या माणसांना मी ओळखत पण नाही, म्हणाले. "मला नाक्यावर ओळखतात. तिथे झालं, तिथे बोला. मी येतो."

कधी, असं मी विचारलं. मला वाटलं होतं, बघू म्हणतील.

"उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते गल्लीच्या तोंडाशी उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली. माझ्या मागे दोन पावलं ठेवून चालले. नमस्कार नाही, धीर देणं नाही.

चहावाल्याला मी सांगितलं. तो पातेल्याकडे बघत म्हणाला, मला तेव्हाच ठाऊक होतं. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाला, "माझी पोरगी तुमच्या वर्गात होती, बाई. तुम्हाला कसं बोलणार?"

शिंप्याला सांगितलं. तो चष्म्यावरून बघत म्हणाला, मशीन चालू होतं, परत सांगा. मशीन चालू नव्हतं. मी परत सांगितलं, मोठ्याने. तेवढ्याने त्याच्याकडे कपडे घ्यायला आलेल्या दोन बायकांनीही ऐकलं आणि एकीने दुसरीला विचारलं, ही कोण? शिंपी म्हणाला, शाळेतल्या बाई.

जिथे नानांचा आडोसा होता तिथे आता मोबाइलची कव्हरं विकणारा एक तरुण बसतो. मी पुढे निघाले तर मागून नाना म्हणाले, "त्याला पण."

"तो कुठे ओळखतो तुम्हाला?"

"म्हणूनच. त्याला आधी खरं कळू दे."

मग मी त्या अनोळखी माणसाला सांगितलं, की इथे सायकलचं दुकान होतं, त्यांचं नाव सोनवणे, ते काढलेला प्रत्येक भाग परत करायचे आणि मी खोटं सांगून त्यांच्यावर चोरीचा आळ आणला. त्याने कानातला इअरफोन काढला, माझ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं आणि गोंधळून उठून उभा राहिला. शिकवायच्या दिवसांत मी वर्ग उभा करायचे तसा. पण तो माझ्यासाठी उठला नव्हता.

फुलवाली, किराणावाला, चाळीच्या पायरीवर बसलेले दोन म्हातारे, असं करत गल्ली संपली. शब्द तेच होते, पण प्रत्येक वेळी ते नव्याने तोंडातून काढावे लागत होते. माझी समजूत होती, की दहाव्यांदा बोलताना सोपं जाईल. गेलं नाही.

चहावाला दोन कप घेऊन गल्लीच्या त्या टोकापर्यंत आला. मी तिथल्या बाकावर बसले. नाना उभ्यानेच प्यायले. खोटं कशाला सांगू, मी वाट बघत होते, की झालं गेलं विसरा, असं काहीतरी ते म्हणतील, निदान मानेने. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "माझा राग गेलेला नाही, बाई. पण आलात ते बरं केलंत." आणि निघाले.

स्टेशनला जायचं तर गल्लीच्या वरच्या तोंडाने बाहेर पडणं जवळ होतं. ते तिकडे गेले नाहीत, उलटे फिरले आणि ज्या वाटेने आम्ही आलो होतो तिने सावकाश चालत निघाले. प्रत्येक दुकानासमोर थांबत होते. काही घेत नव्हते, बोलत नव्हते. नुसते उभे राहायचे, हात मागे बांधून, लोकांना आपल्याकडे बघू देत. किराणावाल्याने हात जोडले. शिंपी मशीनवरून उठून उंबऱ्यापर्यंत आला. नाना तिथे जास्त वेळ थांबले, मग वळणावरून दिसेनासे झाले. त्यानंतर मी त्यांना बघितलेलं नाही.

माझा कप केव्हाच रिकामा झाला होता. पण माझ्या घरची वाटही तीच, उठायचं तर मलाही त्या सगळ्यांच्या समोरून जायचं होतं. मी बसून राहिले.